'ओ हेराल्डो' : भाषा बदलून जगलेले दैनिक

२२ जानेवारी १९०० रोजी गोव्यात 'ओ हेराल्डो' या दैनिकाचा पहिला अंक निघाला. गोव्याचे हे पहिले दैनिक. त्याची भाषा पोर्तुगीज. संस्थापक प्रा. मेसियास गोमिश. १९०८ साली याच गोमिश यांनी 'हेराल्डो' नावाचे दुसरे दैनिक काढले. दोन नावांत फरक केवळ एका अक्षराचा!

'हेराल्डो' म्हणजे वार्ता घेऊन येणारा दूत. परंतु हा दूत कोणाच्या दारी जात होता? पोर्तुगीज ही कचेरीची आणि शिकलेल्या घरांची भाषा. शेतात, होडीवर, स्वयंपाकघरात कोंकणीच नांदत होती. त्या कोंकणीतील पहिले नियतकालिक, 'उदेंतेचें साळक', १८८९ साली निघाले ते गोव्यात नव्हे, तर आमच्या पुण्यात. भोर-पुण्याकडच्या आम्हा वाचकांना ही गोष्ट ठाऊक असावयास हवी.

पुढे सालाझारच्या राजवटीत वृत्तपत्रांवर कठोर नियंत्रण आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि नियंत्रणाचा तो जाच सरला. पण मुले आता मराठी आणि इंग्रजी शाळांत जाऊ लागली. १९६२ साली मराठी 'गोमन्तक', १९६३ साली इंग्रजी 'नवहिंद टाइम्स' सुरू झाले. 'ओ हेराल्डो' आणखी वीसएक वर्षे पोर्तुगीजमध्येच निघत राहिला. त्याचे जुने वाचक थकत गेले आणि त्यांच्या घरात नवा वाचक घडला नाही. अखेर ऑक्टोबर १९८३ मध्ये त्याने इंग्रजीचा अंगीकार केला. नावातील पोर्तुगीज 'ओ' मात्र त्याने टाकला नाही. पुढे कोंकणीला राजभाषेचा मान मिळावा, या मागणीस याच इंग्रजी पत्राने बळ दिले. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी तसा कायदा झाला.

याच काळातील दुसरा एक दूत आमच्या घरचा. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीयांनी 'निरोप्या' मासिक काढले. त्यांची मातृभाषा जर्मन. मासिकाची भाषा मात्र त्यांनी भाविकांची, म्हणजे मराठी ठेवली. म्हणूनच या मासिकाने शंभरी ओलांडली, असे आम्हांस वाटते.

वाचकहो, 'ओ हेराल्डो'च्या पोर्तुगीज आवृत्तीला कोणी बंदी घातली नव्हती. वाचणारी मुले घरात उरली नाहीत, इतकेच. आज आमच्या घरांतून रोझरी मराठीत होते आणि मुलांचा अभ्यास इंग्रजीत. त्यात वावगे काही नाही. पण दारी आलेला मराठी अंक आजोबांच्या उशाशीच पडून राहत असेल, तर त्यातील एक पान रोज रात्री नातवाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. एवढे काम कोणत्याही संपादकाच्या हातचे नाही. ते आमचेच आहे.