साखळीपासून सेलपर्यंत

गोल्फच्या मैदानावर उभा असलेला खेळाडू खिशातून तळहाताएवढे एक यंत्र काढतो, ते डोळ्याला लावून दूरच्या ध्वजदंडावर रोखतो आणि बोटाने एक कळ दाबतो. क्षणार्धात आतल्या काचेवर आकडा उमटतो : १५० यार्ड. या आकड्यासाठी कोणाला चालावे लागलेले नाही, की कोणी जमिनीवर साखळी पसरलेली नाही. जे काही श्रम झाले ते यंत्राच्या पोटातील, अंगठ्याच्या पेराएवढ्या एका सेलने केले. कधी कधी मात्र, आणि तेही नेमके फेरी रंगात आली असता, कळ दाबूनही काच कोरीच राहते. सेल संपलेला असतो. खेळाडू यंत्र हलवून पाहतो, पुसून पाहतो, आणि मग डोळे बारीक करून ध्वजाकडे पाहू लागतो. अंतर मोजण्याचे काम विजेच्या घटावर कसे येऊन पडले आणि तो घट ते किती काळ पेलतो, याचा इतिहास दोन शतकांचा आहे.

या इतिहासाचा आरंभ हिंदुस्थानातूनच करावा हे योग्य होय. १८०२ च्या एप्रिल महिन्यात विल्यम लँब्टन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात आपल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आधाररेषा मोजावयास घेतली. साधन म्हणजे शंभर फुटांची पोलादी साखळी. ती लाकडी पेट्यांतून सरळ ठेवावयाची, उन्हाने पोलाद किती प्रसरण पावले हे तापमापकावर पाहावयाचे, आणि मग पुढचा पल्ला टाकावयाचा. साडेसात मैलांच्या त्या रेषेसाठी अशी साखळी सुमारे चारशे वेळा अंथरावी लागली आणि काम पुरे व्हावयास सत्तावन्न दिवस लागले. माप अचूक आले. पण त्याची किंमत माणसांनी आपल्या अंगावर सोसली होती. लँब्टन पुढे वीस वर्षे हेच काम करीत उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये वऱ्हाडच्या पूर्वेस हिंगणघाट येथे, मोजणीच्या वाटेवरच मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे.

साखळी न अंथरता अंतर सांगणारी साधने पुढे निघाली. १८८८ साली ब्रिटिश युद्धखात्याने पायदळासाठी अंतरमापक हवा असल्याची जाहिरात दिली. ती वाचून आर्चिबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड या दोघा प्राध्यापकांनी दोन टोकांना भिंगे असलेली एक आडवी नळी तयार केली. दोन टोकांकडून दिसणाऱ्या दोन प्रतिमा जुळविल्या की त्या कोनावरून अंतर निघे. पायदळाने ती नाकारली; आरमाराने मात्र उचलून धरली. या नळीचा एक गुण आज विसरला गेला आहे. तिला अंतर काढण्यासाठी कसलीच शिदोरी लागत नसे. डोळा शाबूत आणि उजेड पुरेसा, एवढ्यावर ती वर्षानुवर्षे चाले.

इकडे विजेच्या घटाची कहाणी स्वतंत्रपणे चालली होती. लँब्टनने साखळी उचलण्याच्या दोनच वर्षे आधी, मार्च १८०० मध्ये, इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून आपल्या शोधाची वार्ता कळविली होती. जस्त आणि चांदी यांच्या चकत्या, मध्ये खारट पाण्यात भिजविलेला पुठ्ठा, अशी ती उतरंड होती. १८६६ मध्ये फ्रान्सच्या लेक्लांशेने जस्त, नवसागर आणि मँगनीज डायऑक्साइड यांचा घट केला. १८८६ मध्ये जर्मनीच्या गास्नरने त्यातील सांडणारा द्रव घट्ट करून कोरडा सेल बनविला. खेड्यापाड्यांतील विजेरीत पुढे जो सेल बसला तो याच कुळातला. परंतु त्याचे काम उजेड पाडण्याचे; अंतर मोजण्याशी त्याचा संबंध आलेला नव्हता.

तो संबंध जुळविला प्रकाशाच्या वेगाने. १८४९ मध्ये फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसजवळ ८,६३३ मीटरांवर आरसा ठेवून, दातेरी चाकाच्या फटींतून प्रकाश पाठवून आणि परत घेऊन त्याचा वेग काढला होता. अंतर ठाऊक, वेग काढावयाचा, असे ते गणित होते. स्वीडनच्या एरिक बर्गस्ट्रँडने विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात तेच उलटे केले : वेग ठाऊक, अंतर काढावयाचे. त्याचे ‘जिओडिमीटर’ हे यंत्र १९५३ पासून विक्रीस आले. पन्नास दिवसांचे काम एका रात्रीवर आले. पण यंत्र अवजड होते आणि त्याच्या विजेसाठी जनित्र बरोबर न्यावे लागे. मजुरांच्या खांद्यावरचा भार कमी झाला तो इंधनाच्या डब्यावर पडला, इतकेच.

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन याने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. त्याच्या कारखान्याने, ह्यूजेस कंपनीने, पुढल्याच वर्षी त्यावर चालणारा अंतरमापक करून दाखविला. १९६९ च्या जुलैत अपोलो ११ च्या वीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकावरून ऑगस्टच्या आरंभी पृथ्वीवर लेसरचा परतीचा किरण मिळाला, आणि चंद्राचे अंतरही या मोजदादीत आले. परंतु माणकाचा लेसर मोठा उधळ्या. त्याला झगझगीत दिव्याने पेटवावे लागे आणि दिलेल्या विजेचा शेकडा एक भागही क्वचितच किरणात उतरे. असे यंत्र रणगाड्यावर शोभे, खिशात नव्हे. खिशाचा मार्ग मोकळा केला तो अर्धसंवाहक लेसरने. १९६२ मध्ये रॉबर्ट हॉल याने तो केला तेव्हा त्याला द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत ठेवावे लागत होते. १९७० मध्ये रशियात अल्फेरॉव्ह आणि अमेरिकेत हायाशी व पॅनिश यांनी तो साध्या खोलीच्या तापमानात अखंड चालवून दाखविला. तांदळाच्या कणीहून लहान अशा त्या स्फटिकाला थोड्याशा विजेवर भागविता येऊ लागले.

गोल्फला हे सारे कशासाठी हवे होते? या खेळात निरनिराळ्या काठ्यांनी चेंडू निरनिराळ्या पल्ल्यावर जातो. दहा यार्डांची चूक म्हणजे काठीच चुकली. पूर्वी हे अंतर नजरेने ठरत असे, आणि त्या नजरेचा धनी पुष्कळदा खेळाडू नसून त्याची पिशवी वाहणारा कॅडी असे. १९६१ मध्ये पेबल बीच येथील अमेरिकन हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत तरुण जॅक निकलस याने आधीच पावले मोजून अंतरे टिपून ठेवली आणि ती स्पर्धा जिंकली. तेव्हापासून टिपणवहीची प्रतिष्ठा वाढली; पण पावले मोजणे चालूच राहिले. १९९० नंतरच्या दशकात हातात धरावयाचे लेसर अंतरमापक मैदानावर आले, त्यांतील काहींत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असे. ती रेडिओच्या श्रोत्यांना नवी नव्हे : १९५० नंतर ट्रान्झिस्टरच्या संचांसाठी निघालेली तीच ती, पोटात दीड व्होल्टचे सहा सेल बाळगणारी. पुढे तिची जागा ‘सीआर टू’ नावाच्या तीन व्होल्टच्या लिथियम सेलने घेतली. त्याचे वजन सुमारे अकरा ग्रॅम, बॅटरीच्या पाव हिश्श्याएवढे.

या अकरा ग्रॅममध्ये किती बळ असते याचा हिशेब उद्बोधक आहे. सेलमधील ऊर्जा अदमासे ९,००० जूल, म्हणजे एक किलो वजन ९०० मीटर उंच उचलण्याइतकी. उलट लेसरचा एक स्पंद सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशापुरता टिकतो आणि त्यात जूलचा साधारण वीस लाखावा भाग खर्च होतो. एका मोजणीसाठी असे शेकडो स्पंद पाठविले तरी त्या सेलवर लक्षावधी मोजण्या व्हावयास हव्यात. प्रत्यक्षात होतात काही हजार. मग उरलेली ऊर्जा जाते कोठे? ती जाते परतलेला अंधूक प्रकाश ओळखणाऱ्या ग्राहकाला लागणाऱ्या चढ्या दाबापायी, एका यार्डाची जाण्यायेण्याची वेळ म्हणजे सेकंदाचे सहा अब्जांश मोजणाऱ्या घड्याळापायी, आणि मोठ्या प्रमाणात आकडा दाखविण्यापायी. काळे आकडे दाखविणारी साधी स्फटिकपट्टी केवळ प्रकाश अडविते, म्हणून तिला अल्प वीज पुरते. लाल झळाळते आकडे स्वतः प्रकाशतात, आणि त्या झळाळीचे बिल सेलला भरावे लागते. ध्वजदंड सापडताच हाताला थरथर देणारी लहानशी मोटर बसविली गेली, तिचाही वाटा निघतो. ढोबळ मानाने सांगावयाचे तर हजारातला एक हिस्साही प्रत्यक्ष मापाच्या पदरी पडत नाही. सरकारी कामकाज जवळून पाहिलेल्यांस हे प्रमाण अपरिचित वाटू नये.

लिथियमच्या स्वभावातही एक गंमत आहे. तो सर्वांत हलका धातू. पाण्याशी त्याचे मुळीच जमत नाही, म्हणून घटात पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावक घालावे लागते. लिथियम आणि लेक्लांशेचेच मँगनीज डायऑक्साइड यांची जोडी जपानी कारखानदारांनी १९७० नंतरच्या दशकात बाजारात आणली. कपाटात पडून राहिला तरी हा सेल वर्षाला शेकडा एकाच्या आसपासच झिजतो, आणि थंडीतही जुन्या सेलांइतका गारठत नाही. त्याचा दाब आयुष्यभर जवळजवळ एकसारखा राहतो आणि शेवटी एकाएकी ढासळतो. विजेरीचा जुना सेल मरण्यापूर्वी पिवळा पडून सूचना देई. हा देत नाही. यंत्रातील दर्शक दाब पाहून घटाची स्थिती सांगतो, आणि दाब तर अखेरपर्यंत उतरतच नाही. म्हणून इशारा मिळतो तो फार उशिरा. अनुभवी खेळाडू पिशवीत एक सेल जादा ठेवतात तो यासाठी. १९९१ नंतर पुन्हा भरता येणारे लिथियम-आयन घट सर्वत्र झाले आणि काही अंतरमापकांतही ते आले. परंतु ते रिते झाले की मैदानाच्या मध्यावर भरणार कोठून?

खेळाच्या नियमकर्त्यांनी या यंत्राकडे बराच काळ संशयाने पाहिले. अंतर अजमावणे हे खेळाडूच्या कौशल्याचेच अंग, असे त्यांचे मत होते. २००६ पासून स्थानिक समितीला परवानगी देण्याची मुभा मिळाली. १ जानेवारी २०१९ पासूनच्या नियमांत अंतरमापक सर्वसाधारणपणे चालू लागला, मात्र जमिनीचा चढउतार हिशेबात घेण्यास मनाई राहिली. २०२१ मध्ये किआवा आयलंड येथील पीजीए अजिंक्यपद स्पर्धेत त्याला प्रथमच मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत प्रवेश मिळाला. ती जिंकली पन्नास वर्षांच्या फिल मिकल्सनने, ज्याच्या पिढीने टिपणवहीवर खेळणे शिकले होते.

मैदानांच्या कडेला १५० यार्डांची खूण सांगणारे खांब किंवा झुडपे पुष्कळ ठिकाणी अजून राखलेली आहेत. सेल अकस्मात बसला की खेळाडूची नजर आधी त्यांच्याकडे वळते, आणि तेथून तो पावले मोजू लागतो.