थर्मलचा धूर आणि खोल समुद्रातला मासा

"मासे खाऊ का नको, एवढंच सांग," ताई फोनवर म्हणाली. तिला चौथा महिना लागला होता. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, मोठे मासे टाळा, त्यात पारा असतो. शेजारच्या अलिबागकडच्या काकूंचं म्हणणं वेगळं. त्यांच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण देतात, आणि मुशी म्हणजे तर शार्क. आता ऐकायचं कुणाचं?

आम्ही दोघं परळीचे. बीड जिल्ह्यात समुद्राचा मासा म्हणजे बाजारातले सुके बोंबील आणि सुकट. ताजा मासा खायचा तर धरणातला किंवा गोदावरीचा. सुरमई आम्ही दोघांनी पहिल्यांदा खाल्ली ती मुंबईकडे आल्यावर. पाऱ्याची ओळख मात्र जुनी. मे महिन्यात पेपरात 'पारा ४२ अंशांवर' असं छापून यायचं. आणि एकदा घरातला थर्मामीटर फुटला, तेव्हा फरशीवर पळणारे चांदीसारखे थेंब ताईनं कागदावर गोळा केले होते. त्याबद्दल आईचा मारही खाल्ला होता.

ताईला उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला बसलो. वाचता वाचता आपल्याच गावात येऊन पोचेन, असं वाटलं नव्हतं.

माशातल्या पाऱ्याची गोष्ट जपानमधल्या मिनामाता गावापासून सुरू होते. तिथल्या चिसो कंपनीनं १९३२ पासून अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनवायला घेतलं. त्यासाठी पारा वापरला जायचा आणि सांडपाणी थेट खाडीत जायचं. पुढे गावातली मांजरं वेड्यासारखी नाचून मरू लागली. मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, बोलणं अडखळू लागलं. १ मे १९५६ रोजी कंपनीच्याच दवाखान्यातले डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी या आजाराची सरकारदरबारी नोंद केली. १९५९ मध्ये त्यांनी कारखान्याचं सांडपाणी एका मांजराला खाऊ घातलं आणि त्या मांजरालाही तोच आजार झाला. कंपनीनं हा निष्कर्ष दाबून ठेवला. सरकारनं कारण मान्य केलं १९६८ मध्ये, म्हणजे नोंदीनंतर तब्बल बारा वर्षांनी.

यातली एक गोष्ट मी ताईला सांगितली नाही. मिनामातात काही आया वरून बऱ्यापैकी धडधाकट होत्या, पण त्यांची बाळं आजार घेऊनच जन्मली. तोवर वार बाळाला विषापासून वाचवते असं मानलं जायचं. हा पारा मात्र वार ओलांडून आत गेला होता.

आमच्या फरशीवर पळणारा पारा आणि हा पारा, दोन्ही एकाच धातूची रूपं आहेत. पाण्यातले आणि गाळातले जिवाणू साध्या पाऱ्याचं मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो शैवालात शिरतो, शैवाल खाणाऱ्या बारीक जिवांत जातो, तिथून लहान माशात आणि लहान माशातून मोठ्या माशात. दर पायरीला त्याचं प्रमाण वाढत जातं. वरच्या टोकाच्या शिकारी माशात ते भोवतालच्या पाण्याच्या लाखो पट होऊ शकतं. शिवाय तो चरबीत न राहता मांसातल्या प्रथिनांना चिकटतो. त्यामुळे मासा कितीही धुवा, तळा, कोकम लावा, पारा जागचा हलत नाही.

आपल्याकडेही मिनामातासारखी भीती होती. कॉस्टिक सोडा बनवणारे जुने कारखाने पारा वापरत. १९८१ मध्ये झिंगडे आणि देसाई या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे देशातल्या कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांनी पारा सोडून नवं तंत्र घेतलं. खाडीच्या बाबतीत एक बरं असतं. घाण सोडणारा पाइप बोटानं दाखवता येतो, आणि दाखवता आला तर कधीतरी बंदही करता येतो.

खोल समुद्राचं तसं नाही. डिसेंबर १९७० मध्ये अमेरिकेत ब्रूस मॅकडफी या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी दुकानातल्या डबाबंद ट्यूनाची तपासणी केली, तेव्हा त्यात मर्यादेपेक्षा जास्त पारा निघाला. ट्यूना म्हणजे आपला कुपा. सरकारी तपासणीनंतर जवळपास १० लाख डबे बाजारातून काढले गेले. मे १९७१ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं लोकांना तलवार मासा खाऊ नका असं सांगितलं. किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर फिरणारे हे मासे. तिथे कुठला आलाय कारखान्याचा पाइप?

मग वाद पेटला. १९७२ मध्ये शास्त्रज्ञांनी संग्रहालयांत जपून ठेवलेले, १८७८ ते १९०९ या काळात पकडलेले ट्यूना तपासले. त्यांच्यातला पारा ताज्या माशांएवढाच निघाला. मासेमारी उद्योगाला हे आयतंच मिळालं. समुद्रात पारा पहिल्यापासूनच आहे, त्यात माणसाचा काय दोष, असं म्हणता येऊ लागलं. प्रकरण कोर्टात गेलं. १९७९ मध्ये अमेरिकेनं माशातल्या पाऱ्याची मर्यादा किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमवरून एक मिलिग्रॅमवर नेली. मासे तेच, पारा तोच, पण मर्यादा दुप्पट झाली आणि आदल्या दिवसापर्यंत विकायला बंदी असलेले कितीतरी मासे कायद्यानं खाण्याजोगे ठरले.

खरं उत्तर मिळायला आणखी काही दशकं लागली. समुद्रात नैसर्गिक पारा आहेच, ज्वालामुखींतूनही तो येतो. पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार समुद्राच्या वरच्या १०० मीटर पाण्यातला पारा माणसाच्या उद्योगांमुळे साधारण तिप्पट झालाय. त्याआधी २००९ मध्ये हवाईजवळच्या माशांवर केलेल्या अभ्यासात दिसलं होतं, की मासा जितक्या खोलात चरतो तितका त्याच्यात पारा जास्त. कारण काही शे मीटर खाली, जिथे वरून पडणारं मेलेलं सगळं कुजतं, तिथे मिथिल पारा तयार होतो.

आणि हा जास्तीचा पारा तिथवर गेला कसा? हवेतून. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये माणसानं सुमारे २,२०० टन पारा हवेत सोडला. त्यात सोन्याच्या छोट्या खाणींचा वाटा साधारण ३८ टक्के, आणि कोळसा जाळण्याचा सुमारे २१ टक्के.

कोळसा! इथे मी लॅपटॉप बाजूला ठेवला.

परळीचं औष्णिक वीज केंद्र, म्हणजे आमच्या भाषेत थर्मल, सुरू झालं १९७१ मध्ये, ३० मेगावॅटच्या संचानं. अमेरिकेत तलवार मासा ताटातून उतरला, त्याच वर्षी. थर्मलनं परळीला नोकऱ्या दिल्या, वसाहती दिल्या, मराठवाड्याला वीज दिली. ज्या दिव्याखाली मी आणि ताईनं अभ्यास केला, त्या दिव्यातही थर्मलचा वाटा असणारच. रेल्वेनं कोळसा यायचा, चिमणीतून धूर जायचा. राखेच्या तक्रारी होत्या, कारण राख दिसते. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते.

पारा दिसत नाही. कोळशात तो अगदी किंचित असतो, पण भट्टीत त्याची वाफ होते. त्यातला काही राखेला चिकटून राहतो आणि उरलेला चिमणीतून वर जातो. ती वाफ हवेत काही महिने, कधी वर्षभरही फिरते. कुठे पाऊस होऊन पडेल, याचा नेम नाही. परळीचा पारा अरबी समुद्रातल्या अमुक कुप्यात गेला असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. गेला नाही असंही कुणी सिद्ध करू शकणार नाही. खोल समुद्राच्या या गोष्टीत पाइप नाहीच. तिथे जगभरातल्या हजारो चिमण्या आहेत, आणि त्यातली एक आमच्या शाळेतून दिसायची.

भारतानं कोळशाच्या वीज केंद्रांसाठी पाऱ्याची मर्यादा पहिल्यांदा ठरवली ती डिसेंबर २०१५ मध्ये. मिनामाताच्या नावानं झालेला जागतिक करार २०१७ मध्ये लागू झाला आणि २०१८ मध्ये भारतानं त्याला मान्यता दिली. परळीचे जुने संच आता बंद झालेत, नवे चालतात.

मग धूर कमी केला की मासा सुधारतो का? उत्तर अमेरिकेतून हवेत जाणारा पारा घटला, तेव्हा २००४ ते २०१२ या काळात अटलांटिकच्या ब्लूफिन ट्यूनातला पारा १९ टक्क्यांनी कमी झाल्याचं एका अभ्यासात दिसलं. पण २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासानं तीन महासागरांतल्या ट्यूनाच्या १९७१ ते २०२२ पर्यंतच्या नोंदी तपासल्या आणि बहुतेक ठिकाणी प्रमाण जवळजवळ तेवढंच निघालं. शास्त्रज्ञ म्हणतात, जुना पारा खालच्या पाण्यात साठलाय आणि तो हळूहळू वर येतोय. म्हणजे आपल्या आजोबांच्या काळातला धूर आजच्या माशात आहे. आपला धूर ताईच्या नातवंडांच्या ताटात जाईल.

रात्री ताईला फोन केला. म्हटलं, "मासे सोडू नकोस, बाळाच्या मेंदूला ते चांगलेच असतात. लहान आणि कमी जगणारे खा. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील. मुशी, तलवार मासा, मोठा कुपा हे सध्या नको. मोठी सुरमईपण राहू दे."

"आणि काकू?"

"काकूंचंही अगदीच चूक नाही. त्यांच्याकडे कालवणाला लहान मुशी घेतात, आणि लहान माशात पारा कमीच असतो. पण तू डॉक्टरीणबाईंचं ऐक."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण एवढा पारा समुद्रात टाकला कुणी रे?"

मी तिला थर्मलचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे थर्मामीटर फुटला तेव्हा आईनं उगाच मारलं मला. घरातला पारा तर दोन थेंबांचाच होता."