बोडक्या माथ्याचा इतिहास

मराठीत ‘बोडकी’ हा शब्द शिवी म्हणून वापरला गेला आहे, आणि ती शिवी कोणाच्या वाट्याला येत असे हे वाचकांस सांगावयास नको. कर्करोगावर रसायनोपचार घेणारी आपल्याकडील स्त्री केस गेल्यावर प्रथम आरशापुढे उभी राहते, तेव्हा त्या आरशामागे शंभर-दीडशे वर्षांची सामाजिक आठवणही उभी असते. रुग्णांसाठीच्या परदेशी पुस्तिकांत टोप कसा निवडावा, भुवया कशा रेखाव्या, याविषयी उपयुक्त मजकूर असतो. ही आठवण मात्र त्यांत नसते. म्हणून औषधाचा आणि रूढीचा इतिहास आम्ही येथे एकत्रच पाहणार आहोत, आणि तोही खानदेशातील वरणगाव नजरेसमोर ठेवून.

वरणगाव हे भुसावळनजीकचे, केळी-कापसाच्या मुलखातले गाव. चीनशी झालेल्या युद्धानंतर दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, तेथे आयुध निर्माणी उभी राहिली आणि शेतकऱ्यांच्या गावाशेजारी कामगारांची वसाहत आली. या कारखान्यात बंदुकीची काडतुसे तयार होतात. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. दारूगोळ्याच्या गावाचा औषधाशी काय संबंध, असे कोणी विचारील. वरणगावात विषारी वायू कधी बनला नाही हे खरे; परंतु ज्या औषधाने केस जातात त्याचे मूळ युद्धभूमीवरच आहे.

जुलै १९१७ मध्ये बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने मस्टर्ड वायूचा प्रथम वापर केला. त्याने कातडी भाजे, डोळे जात. पुढे असे आढळले की, या वायूने बाधित झालेल्या सैनिकांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी अत्यंत कमी झालेल्या असतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेतील येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन या संशोधकांनी याच कुळातील नायट्रोजन मस्टर्ड हे द्रव्य लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या एका रुग्णास दिले. गाठी विरघळल्या, काही काळाने परत आल्या. युद्धाचे गुपित म्हणून ही गोष्ट १९४६ पर्यंत प्रसिद्ध झाली नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत याच घराण्यातून सायक्लोफॉस्फामाइड हे औषध निघाले. स्तनाच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते, पुष्कळदा त्या लाल रंगाच्या दुसऱ्या औषधाबरोबर, ज्याला रुग्ण नुसते ‘लाल औषध’ म्हणतात.

ही औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. दुर्दैवाने केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही तशाच असतात. पहिल्या मात्रेनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी उशीवर, न्हाणीघरात, फणीत केसांचे पुंजके दिसू लागतात. भुवया आणि पापण्याही विरळ होतात. सर्वच औषधांनी असे होत नाही आणि ज्यांनी होते त्यांतही बहुतेक वेळा केस परत येतात. पण त्या दिवशी हे ज्ञान फारसे कामास येत नाही.

आता रूढीकडे वळू. विधवेचे केशवपन ही मुख्यत्वे ब्राह्मणांची आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींची चाल. शेतकरी समाजांत ती नव्हती. तेथे पाट लावण्याची मोकळीक होती. तरीही शब्द जातीची वेस ओलांडून सर्वांच्या तोंडी गेला. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या चालीचे वर्णन केले आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. १८९० मध्ये महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यास वस्तरा लावणार नाही असा निर्धार केला. हे आम्हांस फार मोलाचे वाटते. उपदेश पुष्कळांनी केला. वस्तरा ज्यांच्या हाती होता त्यांनी तो खाली ठेवला. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरीतील यमूचे केशवपन वाचून मराठी घरांतून किती डोळे ओले झाले असतील, याची कल्पनाच करावी.

केस जाणे आणि केस देणे यांत अंतर आहे. तिरुपतीस केस अर्पण करणारी स्त्री परत येते तेव्हा तिच्याकडे कोणी दयेने पाहत नाही. आपल्या धर्मभगिनींपैकी जुन्या पिढीतील कित्येकींनी व्रतग्रहणाच्या वेळी केस उतरविले, आणि ते त्यांचे स्वतःचे दान होते. पुरुषांचे निराळे. मुंडन केलेला पुरुष गावात दिसला की लोक विचारतात, “कोण वारलं?” रसायनोपचार घेणाऱ्या पुरुषास हा प्रश्न किती वेळा ऐकावा लागतो!

खानदेशातील रुग्णाची वाट पूर्वापार परळकडे जाते. रक्ताच्या कर्करोगाने १९३१ मध्ये निधन पावलेल्या मेहरबाई टाटा यांच्या स्मरणार्थ उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्यास डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. गोव्याच्या भूमीतील हे कॅथलिक शल्यविशारद तेथेच राबले. भुसावळहून रात्रीची गाडी धरायची, पहाटे दादरला उतरायचे, जागा मिळाल्यास गाडगे महाराज धर्मशाळेत पथारी टाकायची, असा हा क्रम. धर्मशाळेत एक गोष्ट घडते जी गावात घडत नाही: तेथे बोडके डोके हा अपवाद नसतो. स्त्रिया पदर खांद्यावर टाकून वावरतात. तोच पदर परतीच्या गाडीत पुन्हा डोक्यावर येतो.

तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात गाल आणि जबडा जातो. तेथे पदरही अपुरा पडतो. त्याची कथा स्वतंत्र लेखाची आहे. एवढेच नमूद करतो की कपाळाची कातडी वळवून चेहरा सांधण्याची विद्या युरोपने पुण्याकडून घेतली. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नामक गाडीवानाला तेथील एका कारागिराने नवे नाक दिले, तो वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आला होता.

वरणगावात परतलेल्या स्त्रीने काय करावे? टोप मिळतो. जुन्या बायका अंबाड्यास गंगावन लावीत, तेव्हा परक्या केसांचे आपल्याला वावडे नाही. परंतु वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा टोप डोक्यावर ठेवणे ही शिक्षाच. निर्माणीतील एका कामगाराच्या पत्नीने आम्हांस सांगितले की तिने टोप दोनदा घातला, दोन्हीदा लग्नात, आणि मग पेटीत ठेवला. उन्हाळ्यात खानदेशातील निम्म्या बायका डोके-तोंड ओढणीने गुंडाळूनच बाहेर पडतात. त्यांत ती मिसळून गेली. तिला खरी अडचण झाली ती हळदीकुंकवाची. सौभाग्यवती असूनही एका घरी कुंकवाची कोयरी तिच्यापुढे येता येता किंचित थबकली. बोलले कोणी काही नाही. पुढच्या वर्षी तिने हळदीकुंकू आपल्याच घरी ठेवले, डोक्यावरून पदर न घेता, आणि शेजारच्या दोन विधवांनाही बोलावले.

औषधे संपल्यावर महिन्या-दोन महिन्यांत लव दिसू लागते. पूर्वी सरळ असलेले केस कित्येकदा कुरळे येतात, कधी रंगही बदललेला असतो. स्पर्श मात्र तान्ह्या बाळाच्या डोक्यासारखा. घरातील म्हाताऱ्या त्याला जावळच म्हणतात, आणि ते काढावे की राखावे यावर त्यांच्यात वाद होतो.