ज्योत्स्नाबाई भोळे आणि नाटकातले गाणे

मराठी संगीत नाटकाचे नाव काढले की जुनी माणसे भाऊराव कोल्हटकरांपासून आरंभ करतात आणि बालगंधर्वांपाशी येऊन थांबतात. त्यात गैर काही नाही. परंतु त्यातली एक मौज आपल्या सहसा ध्यानात येत नाही. ज्यांची शकुंतला, सुभद्रा नि सिंधू महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, ते सारे पुरुष होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आले. बाईचे काम बाईने करावे, ही आज आपणांस इतकी साधी वाटणारी गोष्ट रुळायला त्यानंतर पन्नासांहून अधिक वर्षे जावी लागली.

मधल्या काळात स्त्रिया रंगभूमीवर नव्हत्याच असे कोणी समजू नये. केवळ स्त्रियांच्या अशा नाटक मंडळ्या होत्या आणि त्यांत पुरुषांची कामेही बायकाच करीत. म्हणजे एका मंडळीत सुभद्रेला मिशा काढाव्या लागत, तर दुसरीत अर्जुनाला त्या लावाव्या लागत! कमलाबाई गोखल्यांनी १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात काम केले. पुढे त्यांचे आयुष्य नाटकातच गेले. हिराबाई पेडणेकरांनी तर 'दामिनी' हे नाटकच लिहिले. हिराबाई बडोदेकर आणि त्यांची भावंडे यांनी स्वतःची नाटकसंस्था काढून स्त्रीपुरुषांना एकत्र रंगमंचावर आणले. या सर्वांचे ऋण मान्य करूनच ज्योत्स्नाबाईंकडे वळले पाहिजे. 'पहिली स्त्री' हा किताब आम्ही त्यांना देणार नाही. त्यांना त्याची गरजही नाही. त्यांचे महत्त्व निराळ्या ठिकाणी आहे.

ज्योत्स्नाबाईंचा जन्म ११ मे १९१४ रोजी गोव्यातील बांदिवडे येथे झाला. माहेरचे नाव दुर्गा केळेकर. बांदिवडे म्हणजे महालक्ष्मी आणि नागेशी यांचा परिसर. गोमंतकातल्या अशा देवस्थानांच्या आश्रयाने गाण्याची परंपरा पिढ्यान् पिढ्या जगली आणि मुंबईच्या मैफलींना तिने कितीतरी गळे पुरविले. थोरली बहीण गिरिजाबाई केळेकर स्वतः गाणाऱ्या, नाटकात काम करणाऱ्या. दुर्गा लहानपणीच मुंबईस आली, तिथे उस्तादांपाशी शिकली. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले होते. ज्या घरी गाणारीला बोलावणे अवघड, त्या घरातही तिचा आवाज आता पेटीतून येऊ लागला. या मुलीचा आवाज लोकांनी आधी ऐकला आणि रंगमंचावर तिला पाहिले ते नंतर.

१९३२ साली तिचा विवाह केशवराव भोळे यांच्याशी झाला आणि दुर्गेची ज्योत्स्ना झाली. केशवराव मूळ वैद्यकाचे विद्यार्थी. तो अभ्यास सोडून ते गाण्याच्या नादी लागले, आणि 'एकलव्य' या टोपणनावाने गवयांवर लिहू लागले. गाण्यातल्या शब्दाकडे आणि भावाकडे ज्यांचा कान विशेष लागलेला होता, अशा थोड्या लोकांपैकी ते एक. पुढे 'प्रभात'च्या 'संत तुकाराम' आणि 'कुंकू' या चित्रपटांचे संगीत त्यांनीच दिले.

आता १९३३ साल. मुंबईतील काही सुशिक्षित मंडळींनी 'नाट्यमन्वंतर' ही संस्था काढली. १ जुलै १९३३ रोजी रिपन थिएटरात तिचे 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक झाले. श्री. वि. वर्तकांनी ते ब्यर्नसन या नॉर्वेच्या नाटककाराच्या नाटकावरून बेतले होते. मूळ नाटकातला प्रश्न मोठा रोकडा आहे: लग्नाआधीच्या ज्या शुद्ध वर्तनाची अपेक्षा पुरुष मुलीकडून करतो, तीच अपेक्षा मुलीने पुरुषाकडून का करू नये? नॉर्वेत १८८३ साली विचारलेला हा प्रश्न पन्नास वर्षांनी मुंबईत विचारला गेला. तो विचारणाऱ्या नाटकात स्त्रियांची कामे पुरुषांनी केली असती तर सारेच हास्यास्पद झाले असते. म्हणून या नाटकात ज्योत्स्नाबाई आणि पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या. ज्योत्स्नाबाईंच्या वाट्याला बिंबेची भूमिका आणि तिची गाणी आली.

या प्रयोगाविषयी लिहिताना टीकाकार नेपथ्यावर, आटोपशीर वेळेवर आणि इब्सेनच्या वळणावर पाने भरतात. आमच्या मते त्या रात्री खरा फरक पडला तो प्रेक्षकांच्या कानांत. तो कसा, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

'शाकुंतला'त पदे दोनशेच्या घरात. पुढे संख्या घटली, पण पदाची लांबी वाढत गेली. गाणारा नट पुढे येई, ऑर्गनवाला सूर धरी, सारंगी मागे लागे आणि नाटक जागच्या जागी थांबे. सिंधू दुःखाने व्याकूळ आहे हे आपण विसरत असू आणि 'वन्स मोअर'चा गजर होई. एकदा, दोनदा, कधी त्याहूनही अधिक. त्या गाण्याने आम्हांला अपार सुख दिले आहे. परंतु ते सुख मैफलीचे होते आणि नाटक त्या मैफलीला जागा भाड्याने देत असे, हेही कबूल केले पाहिजे.

केशवरावांनी 'आंधळ्यांची शाळा'त गाणी मोजकी ठेवली आणि ती लहान ठेवली. गाणे म्हणजे पात्राच्या मनातले बोलणेच, ते संपले की संवाद पुढे चालू. ग्रामोफोनच्या तबकडीने याआधीच लोकांना तीन-साडेतीन मिनिटांत गाणे ऐकायची सवय लावली होती, तिचाही येथे उपयोग झाला असावा. आवाजाचा प्रश्न होताच. पुरुषाचा सूर साधारण काळी एक-दोनच्या आसपास, बाईचा काळी चार-पाचला. नायक आणि नायिका दोघेही पुरुष असत तोवर साथीदारांना एका सुराच्या आसपास रात्र काढता येई. बाई आली आणि ऑर्गनची पट्टी पदागणिक बदलू लागली. दिसायला ही बाब क्षुल्लक, पण वाजवणाऱ्याला विचारा!

ज्योत्स्नाबाईंच्या गळ्यात तालीम होती. ताना घेता येत नव्हत्या म्हणून त्या घेतल्या नाहीत, असे नव्हे. ज्याला येते त्यानेच आवरायचे, हे गाण्यातले अवघड काम आणि ते या एकोणीस वर्षांच्या मुलीने केले. दुसरे म्हणजे, ती कोणत्याही मंडळीच्या बिऱ्हाडात राहणारी नटी नव्हती. संध्याकाळी घरून निघून थिएटरात जाणारी आणि प्रयोग आटोपून घरी परतणारी ती एक गृहिणी होती. 'नाटकात गेली' या दोन शब्दांचा आमच्या घराघरांतून जो अर्थ होता, त्याला या रोजच्या जाण्यायेण्याने जेवढा धक्का बसला तेवढा व्याख्यानांनी बसला नाही, हे व्याख्यानमालेत उभे राहून सांगावे लागते!

मात्र येथेच एक अडचण उभी राहिली. जुन्या मंडळीत नटाला पगार असे, फिरती असे, वर्षानुवर्षे चालणारी भूमिका असे. 'नाट्यमन्वंतर' हौसेवर उभी होती. दोन-तीन नाटके झाली आणि संस्था विसर्जित झाली. केशवराव 'प्रभात'मध्ये गेले, कुटुंब पुण्यास आले. १९३१ नंतर बोलपटाने नाटकगृहेच गिळायला सुरुवात केली होती. खुद्द बालगंधर्व १९३५ साली 'धर्मात्मा'त पडद्यावर गेले. ज्या अभिनेत्रीने नवी वाट दाखविली तिच्या पायांखाली रंगमंच उरला नाही. ऐन उमेदीची सहा-सात वर्षे तिचा आवाज मुख्यतः नभोवाणीवर, तबकड्यांवर आणि भावगीतांत राहिला. नव्या नाटकाने बाईला मान दिला, पण पोटापाण्याची आणि सातत्याची सोय जुन्या मंडळ्यांइतकीही केली नाही. या गोष्टीकडे नाट्येतिहासकारांनी पुरेसे पाहिलेले नाही.

ती उणीव भरून काढली मो. ग. रांगणेकरांनी. हा पत्रकार माणूस व्यवहार जाणणारा होता. १९४१ साली त्यांनी 'नाट्यनिकेतन' काढले आणि १९४२ साली 'कुलवधू' आणले. ज्योत्स्नाबाई त्यात भानुमती झाल्या. भानुमती ही चित्रपटात काम करणारी, स्वतः मिळवती स्त्री आणि तिच्या कीर्तीने नवऱ्याच्या मनात पडलेली अढी हा नाटकाचा विषय. इब्सेनच्या नोराची छाया तिच्यावर आहे, पण तिचे घर अस्सल मराठी आहे. संगीत मास्टर कृष्णरावांचे. भास्करबुवांचा हा शिष्य गंधर्व नाटक मंडळीत वाढलेला, म्हणजे जुन्या गाण्याचे सारे ऐश्वर्य त्यांच्या हाती होते. त्यांनी ते मोजून वापरले. 'बोला अमृत बोला' हे पद त्यातलेच. ते नाटकाबाहेर किती गेले, हे कोणत्याही गावच्या बँडवाल्यास ठाऊक असे.

अभिनेत्रीचे काम करणारी अभिनेत्री प्रेक्षकांपुढे उभी होती, आणि जो प्रश्न भानुमतीला घरात विचारला जात होता तोच प्रेक्षागृहातल्या पुष्कळांच्या मनात ज्योत्स्नाबाईंविषयी असणार. त्यांनी त्यावर भाषण केले नाही. त्या नीट बोलल्या, नीट गायल्या आणि पडदा पडल्यावर घरी गेल्या.

पुढे 'नाट्यनिकेतन'ची आणखी नाटके झाली; १९५५ साली मामा वरेरकरांच्या 'भूमिकन्या सीता'तही त्यांनी काम केले. काही भूमिका साधारणच होत्या. रांगणेकरांची सगळी नाटके सारख्या वजनाची नव्हेत. आणि आटोपशीर गाण्याचा गुण पुढे इतरांच्या हाती पडला तेव्हा त्याचा दोषही झाला. गळा तयार नसलेल्यांना त्यात सोयीची पळवाट सापडली. त्याचे खापर ज्योत्स्नाबाईंवर फोडण्यात अर्थ नाही.

१९७६ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. उत्तरायुष्यात त्यांनी 'आराधना' हे नाटक स्वतः लिहिले, 'तुमची ज्योत्स्ना भोळे' या नावाने आठवणीही लिहिल्या. ५ ऑगस्ट २००१ रोजी त्या निवर्तल्या. पुण्यास हिराबागेत त्यांच्या नावाचे सभागृह आहे. ते लहानसे आहे; तिथे बोललेला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत ध्वनिक्षेपकावाचून पोहोचतो.