निळीचे वचन आणि लग्नाचे वचन

१८६०च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४१५ फसवणुकीचे होते. त्याखालचा निळीचा दृष्टान्त माझ्या विशेष आवडीचा. नीळ पुरवतो असे सांगून एकाने आगाऊ पैसे घेतले. माल द्यायचाच नाही, असे पैसे घेतानाच मनात असेल तर ती फसवणूक. द्यायचे मनात होते, पण पुढे करार मोडला, तर फौजदारी गुन्हा नाही. दिवाणी दावा लावावा.

निळीसाठी इतका बारीक विचार करणाऱ्या संहितेत लग्नाच्या वचनाला जागा नव्हती. आपले कायदेशीर लग्न झाले आहे असे भासवून स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्याला कलम ४९३ होते. ‘लग्न करीन’ म्हणणाऱ्याला नव्हते. मग वाट उरली कलम ९०ची: वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली संमती, समोरच्याला तो गैरसमज ठाऊक असेल तर, संमती नव्हे. पण उद्याचे लग्न ही आजची वस्तुस्थिती कशी? कलकत्ता उच्च न्यायालयाने १९८३ साली हाच मुद्दा धरून आरोपीला लाभ दिला.

२००३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे कर्नाटकातले प्रकरण आले. मुलगी १९ वर्षांची, दोघांच्या जाती वेगळ्या. लग्नाला विरोध होणार हे तिला ठाऊक होते, म्हणजे संमती समजून-उमजून दिलेली, असे मानून आरोपी सुटला. हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. विरोध होणार हे मुलालाही ठाऊक होतेच की! एकच माहिती तिच्या विरुद्ध गेली आणि त्याच्या कामी आली.

पुढे २००४ आणि २०१३च्या निकालांत रेषा स्पष्ट झाली: मुळातच खोटे वचन वेगळे, नंतर मोडलेले वेगळे. म्हणजे निळीचाच न्याय, दीडशे वर्षांनी. २०१९च्या एप्रिलमध्ये छत्तीसगडच्या खटल्यात दोषसिद्धी कायम झाली, कारण त्या पुरुषाचे लग्न आधीच दुसरीकडे ठरलेले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातला गुन्हा रद्द झाला. तिथे नकारामागे पुन्हा जातच होती.

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ६९ लागू आहे. पाळण्याचा इरादा नसताना लग्नाचे वचन देऊन ठेवलेला संबंध हा बलात्काराहून वेगळा गुन्हा ठरला. शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड. मात्र त्या दिवशी पुरुषाच्या मनात काय होते, हे सिद्ध करण्याचे जुने ओझे आहे तिथेच आहे. कलमाच्या स्पष्टीकरणात नोकरीचे वा बढतीचे खोटे आमिष आहे, ओळख लपवून केलेले लग्न आहे. जात आडवी येणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असूनही दिलेल्या वचनाविषयी त्यात अवाक्षर नाही.