तिन्हीसांजेची चूल

जालना जिल्ह्याच्या उत्तरेस, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असई नावाचे खेडे आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे वेलस्लीच्या फौजेची शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशी गाठ पडली, आणि तेव्हापासून हे लहानसे गाव जगाच्या इतिहासग्रंथांत जाऊन बसले. कोणती पलटण कोठे नदी उतरली, तोफा कोठे मांडल्या होत्या, हे सारे तपशीलवार लिहिलेले सापडते. परंतु त्याच मुलखात त्यापूर्वी आणि त्यानंतर पिढ्यान् पिढ्या रोज दिवेलागणीला जी चूल पेटत आली, तिच्यावर काय शिजले, ते कोणी शिजवले, आणि काय शिजवायचे हे कोणी ठरवले, याची विचारपूस करावी असे इतिहासकारांस फारसे वाटले नाही. लढाई एका दिवसात संपली. स्वयंपाक काही संपला नाही.

हल्ली शिकल्यासवरल्या घरांतून एक इच्छा वारंवार ऐकू येते. दिवसभराच्या कामानंतर रात्रीचे जेवण सुटसुटीत असावे, आणि त्याचा बेत ठरवण्यास व तो सिद्धीस नेण्यास घरच्या लहानथोरांचा हात लागावा. वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांस हे नव्या काळाचे खूळ वाटते, तर तरुणांस आपण काही अपूर्व शोध लावला असे वाटते. जालन्याकडील चुलीचा इतिहास पाहता आम्हांस दोन्ही मते अर्धवट वाटतात.

प्रथम सुटसुटीतपणाचे पाहू. या भागातील रात्रीचे जेवण म्हणजे मुख्यतः ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, आणि तिच्याबरोबर पिठले, ठेचा, कांदा. पिठल्यासारखा सोयीचा पदार्थ दुसऱ्या कोणत्या प्रांतात असेल तर तो आम्हांस पाहावयास आवडेल. भिजत घालणे नाही, निवडणे नाही, चिरण्याचे काम जवळजवळ नाही. लसूण-मिरचीची फोडणी, पाण्याला आधण आणि त्यात हरभऱ्याचे पीठ. भाकऱ्या तव्यावर पडत असता शेजारच्या वैलावर ते रटरटून तयारही होते. भाज्या महाग झाल्या, पाहुणा अवेळी आला, घरधनीण थकली, की पिठले ठरलेले. अर्थात भाकरी तितकी सोपी नव्हे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. ते तळहाताच्या टाचेने रगडून मळावे लागते, एकेक भाकरी थापून, वरून पाणी लावून, तवा व निखारा यांच्यामध्ये फुगवावी लागते. शिवाय पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापतानाच चिरते, म्हणून थोडथोडे ताजे दळणे प्राप्तच होते.

तेव्हा सायंकाळची ही सोय आली कोठून? ती वर्षभर आधी साठवून ठेवलेली असे. मराठवाड्यातील येसर हे त्याचे उत्तम उदाहरण होय. धान्ये व डाळी भाजून, त्यांत मसाले घालून, दळून ठेवलेले हे पीठ डब्यात असले की फोडणीच्या पाण्यात चार चमचे घालून आमटी होते. बाजारातील तयार मसाल्यांच्या पुड्या निघण्याच्या कितीतरी आधीचा हा तयार मसालाच. तीच गोष्ट सांडग्यांची, मेतकुटाची, कुरडयांची, शेवयांची व कारळ्या-जवसाच्या चटण्यांची. श्रावणातल्या एखाद्या पावसाळी रात्री घरात भाजी नसता सांडग्यांची आमटी पानात पडे. पण तिचा बेत चैत्र-वैशाखातच ठरलेला असे. आणि ते वाळवण एकटीचे काम कधीच नव्हते. गल्लीतील बायका आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या अंगणात जमत. मुले कावळे-चिमण्या हाकलीत आणि ओले सांडगे हळूच पळवीत. गडीमाणसे गव्हाची पोती उतरून देत, बाजा मांडून देत. आठवड्याचा बेत आठवडी बाजाराच्या स्वाधीन असे. बाजारच्या दिवशी आणलेली पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवायची, मग वांगी-दोडकी, मग कांदे-बटाटे, आणि पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी डाळ किंवा पिठले. अनेक खेड्यांत बाजार करण्याचे काम पुरुषाकडे असल्यामुळे पुढील पाच-सहा रात्रींचे जेवण आपण खांद्यावरील पिशवीतून ठरवून आणीत आहोत, याची त्याला बहुधा कल्पनाही नसे.

म्हणजे बेत ठरवण्यात घरच्या साऱ्यांचा भाग होता. चुलीपुढे मात्र एकच व्यक्ती बसे, आणि ती कोण हे सांगावयास नको.

येथे कोणी म्हणेल की पुरुषास स्वयंपाक येतच नव्हता, त्याला काय करणार? हे आम्हांस मान्य नाही. पौषात शेतावर हुरड्याची आगटी पेटते, तेव्हा गोवऱ्यांच्या आरात कणसे भाजून, हात पोळत असता ती मळून, दाणे पाखडून पाहुण्यांपुढे ठेवणारे हात बहुधा पुरुषांचेच असतात. रानातल्या देवापुढे रोडग्यांचा बेत होतो, त्या वेळी जाडसर कणकेचे गोळे आरात किती वेळ पुरायचे, केव्हा उलटायचे आणि राख कशी झटकायची हे गावातील पाच-सात पुरुषांस पक्के ठाऊक असते. पंगतीसाठी शेदोनशे माणसांची आमटी उतरवणारा आचारीही पुरुषच. मग या विद्वान मंडळींस चार माणसांचे पिठले का येऊ नये? पुरुषाला सणाचा स्वयंपाक येत होता आणि बाईला रोजचा. सणाच्या स्वयंपाकाची वाहवा होते. रोजच्या स्वयंपाकात मीठ कमी पडले तेवढेच बोलले जाते. फरक हाताच्या कौशल्याचा कधीच नव्हता.

विसाव्या शतकात या व्यवस्थेला एकामागून एक धक्के बसले. पहिला धक्का पिठाच्या गिरणीचा. पहाटेच्या जात्यावरचे दोन-दोन तास तिने वाचवले. एक गंमतही झाली. जात्याला हात न लावणारा मुलगा दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीत जाऊ लागला, कारण गिरणी घराबाहेर होती. काम घराच्या उंबऱ्याबाहेर गेले की ते पुरुषाला चालते, हा नियम आम्ही पुढेही अनेकदा पाहतो. पुढे रॉकेलचा स्टो आला, गॅस आला, आणि १९५९ च्या सुमारास देशी बनावटीचे प्रेशर कुकर निघाले. कुकरात वाफेचा दाब वाढून पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. त्यामुळे विहिरीच्या जड पाण्यात तास-तास न शिजणारी तुरीची डाळ तीन-चार शिट्यांत मऊ होऊ लागली. बदनापूरच्या संशोधन केंद्राने तुरीचे सुधारलेले वाण दिले ते शेतकऱ्यासाठी. पण त्या तुरीला रात्रीच्या ताटात रोजची जागा मिळवून देण्यात या शिटीचाही वाटा आहे.

धान्यही बदलले. १९६४ मध्ये संकरित ज्वारीचा पहिला वाण प्रसृत झाला, आणि त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यास महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी स्थापन केली. बियाण्यांच्या या कामाबद्दल त्यांस १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित ज्वारीने कणगी भरली, पण जिभेचे समाधान केले नाही. मालदांडीच्या भाकरीची सर तिला नाही ही तक्रार घरोघर होती. १९७२ च्या दुष्काळात तर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाण्याची पाळी आली. त्या वर्षी दुष्काळी कामांवर स्त्री-पुरुष बरोबरीने खडी फोडीत, आणि बरोबरीने घरी परतत. बरोबरी तेथेच संपे. पाठीला तोच बाक, हाताला तेच फोड, पण चुलीपुढे पुन्हा तीच. पुढे शहरांतून व हळूहळू खेड्यांतूनही गव्हाची पोळी रोजची झाली. तिचे कारण चवीइतकेच सोयीचेही आहे. भाकरी ताटात गरम पडावी लागते, पोळी सकाळी लाटून रात्रीपर्यंत फडक्यात राहते.

पाककृतींच्या ग्रंथांनीही आपला भाग उचलला. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे. ग्रंथ कोणासाठी आहे हे नावातच आले. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये निघाली, तिच्यात वाटी-चमच्याचे माप होते. हे लहानसे पाऊल आम्ही फार मोठे मानतो. ‘अंदाजाने मीठ’ ही विद्या आईच्या मांडीशी बसूनच मिळते, आणि मांडीशी बसविण्यात येई ती मुलगी. वाटी-चमच्याचे माप परगावी खोली घेऊन राहणाऱ्या मुलालाही वाचता येते.

इतके सारे झाल्यावर स्त्रीचे ओझे हलके झाले असावे असे कोणासही वाटेल. काही अंशी झालेही. परंतु भारत सरकारच्या २०१९ च्या कालवापर पाहणीत सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के घरकाम करताना आढळल्या, पुरुषांपैकी २६.१ टक्के, आणि जे करतात त्यांतही स्त्रीची रोजची सरासरी २९९ मिनिटे, पुरुषाची ९७. आमच्या समजुतीप्रमाणे याचे एक कारण असे की, यंत्राने आणि दुकानाने जे काम उचलले ते नेमके चार माणसांचे काम होते. येसर, सांडगे, शेवया आता पुड्यांतून येतात; अंगणातील बाजा गेल्या, गल्लीतील बायका आपापल्या घरी गेल्या, मुलांना हाकलायला चिमण्या उरल्या नाहीत. उरले ते एकटीचे काम. पूर्वी वर्षाचा बेत एकदा सर्वांनी मिळून होत असे. आता ‘आज रात्री काय करू?’ हा प्रश्न वर्षातून तीनशे पासष्ट वेळा एकाच व्यक्तीच्या डोक्यात उठतो, आणि दिवाणखान्यातून उत्तर येते, ‘काहीही कर.’ हे उत्तर देणारा स्वतःस समजूतदार समजतो! वस्तुतः भाकरी थापण्यापेक्षा हे ठरवणे अधिक थकविते, असे आम्हांस अनेक गृहिणींनी सांगितले आहे.

मुलांनी स्वयंपाकास हात लावावा असे म्हणताना एका गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. माणसास हत्याराचे नाव मिळाले की त्याची काय किंमत होते ते निराळे सांगावयास नको. दोघे फडात असता कोपीवर राहिलेली नऊ-दहा वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करते. घरातील सर्वांनी मिळून रांधण्याचा हाही एक प्रकार आहे, आणि त्यात शाळा बुडते. म्हणून मुलांच्या हातभाराचे कौतुक करताना तो हौसेचा आहे की नाइलाजाचा, हे आधी पाहिले पाहिजे.

हौसेचा पाहावयाचा तर शेंगोळ्यांची रात्र पाहावी. हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे पीठ, लसूण, तिखट, मीठ घालून गोळा मळला की पुढचे काम कोणालाही येते. हातावर वळी करायची, तिची दोन टोके जोडायची, ताटात टाकायची. आजोबांची वळी जाड, नातवाची सापासारखी लांब, वडिलांची तुटकी. फोडणीच्या उकळत्या पाण्यात पडल्यावर सगळ्या सारख्याच शिजतात. वरणफळांचेही तसेच आहे. एकाने लाटावे, दुसऱ्याने सुरीने शंकरपाळ्यांसारखे तुकडे करावे, तिसऱ्याने ते खदखदत्या वरणात एकेक सोडावे, म्हणजे गोळा होत नाही. दोन्ही पदार्थ एका भांड्यात होतात, वर भाजी लागत नाही, आणि घासायला थोडे निघते. जालन्यासारख्या जिल्ह्यात, जेथे २०१३ च्या उन्हाळ्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि गावोगाव टँकरची वाट पाहावी लागली, तेथे घासायच्या भांड्यांचा हिशेब स्वयंपाकाच्या आधी करावा लागतो. त्या उन्हाळ्यात कित्येक घरांत रात्री काय शिजवायचे हे हंड्यात पाणी किती आहे ते पाहून ठरे, आणि हंडा कोणी भरून आणला होता त्याचे मत त्या रात्रीपुरते तरी विचारले जाई.