कार्लसनची कालवड

फेब्रुवारी १९३३. विस्कॉन्सिनमधल्या डियर पार्कचा शेतकरी एड कार्लसन हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला पोचला. गाडीत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये गोठायचं नाव न घेणारं रक्त आणि सुमारे ४५ किलो बुरसलेला चारा. शनिवार असल्यानं पशुवैद्यांचं कार्यालय बंद होतं. शोधता शोधता तो विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत शिरला.

रोग नवा नव्हता. १९२० च्या दशकातच कॅनडातले पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी तो ओळखला होता. स्वीट क्लोव्हर हा चारा ओला राहून बुरसला, की तो खाणारी जनावरं शिंगं छाटल्यावर रक्त न थांबून मरत. चारा टाकून द्या, हा सल्ला सोपा. पण मंदीच्या दिवसांत तो परवडणार कुणाला? लिंक यांच्याकडेही त्या दिवशी याहून वेगळा इलाज नव्हता.

चाऱ्यातलं विष स्फटिकरूपात हाती लागायला १९३९ उजाडलं. हेच ते डायकूमरॉल. त्यावर उतारा ठरलं के जीवनसत्त्व. कोपनहेगनच्या हेन्रिक डाम यांना रक्तस्रावानं मरणाऱ्या कोंबडीच्या पिलांवरून त्याचा सुगावा लागला होता. रक्त गोठण्याला डॅनिश भाषेत जो शब्द आहे, त्याचं आद्याक्षर ‘के’.

लिंक यांच्याच प्रयोगशाळेतलं दुसरं संयुग १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं: वॉरफरिन. १९५५ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना रक्त गोठू नये म्हणून तेच देण्यात आलं. उंदरांच्या औषधाला इतकी बढती क्वचितच मिळाली असेल!

पुढे कळलं, की के जीवनसत्त्वाचं काम रक्त गोठवण्यापुरतं नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम साचू न देणारं एमजीपी हे प्रथिनही त्याच्याच मदतीनं कार्यक्षम होतं. १९९७ मधल्या एका प्रयोगात हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या धमन्या चुनखडीसारख्या कडक झाल्या आणि ते दोनेक महिन्यांत मेले. वॉरफरिन के जीवनसत्त्वाचं काम रोखतं, त्यामुळे ते हे प्रथिनही अडवतं. माणसांना के जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन धमन्यांतलं कॅल्शियम रोखता येतं का, याचं उत्तर चाचण्यांतून अजून ठामपणे मिळालेलं नाही.

हृदयात धातूची झडप बसवलेल्या रुग्णांना मात्र आजही वॉरफरिन किंवा त्याच घराण्यातलं औषध घ्यावं लागतं. के जीवनसत्त्व असलेली पालक-मेथी बंद करू नका, पण रोजचं प्रमाण सारखं ठेवा, असं डॉक्टर त्यांना बजावतात.